अस्तरातल्या कळ्या

लाँड्रीवाल्या बाईंनी माझा कोट काउंटरवर ठेवला आणि कॉलरला टाचणीने लावलेलं एक छोटं पाकीट सोडवून माझ्या हातात दिलं. त्यांची पद्धतच आहे तशी. कपड्यात जे काही सापडेल, बसचं तिकीट, तुटलेलं बटण, एखादं कानातलं, ते धुण्याआधी काढायचं, पाकिटात घालायचं, वर कपड्याचा नंबर टाकायचा आणि कॉलरला टाचून ठेवायचं. माझ्या कपड्यांत कधी काही सापडत नाही, मी खिसे झटकून कपडे देणारा माणूस आहे. तसं मी म्हणालोसुद्धा, जरा ठसक्यातच. "खिशात नव्हतंच ते," बाई म्हणाल्या. "उजव्या खिशाला भोक आहे तुमच्या. तिथून सगळं खाली अस्तरात उतरलं होतं. अस्तर उसवलं, काढलं आणि परत शिवून टाकलंय. मिरी आहेत का हो? वास तर काही येत नाही." मी पाकीट उघडून तळहातावर ओतलं.

पंचवीस-तीस दाणे असतील. काळपट हिरवे, वाळून टणक झालेले, एका बाजूला देठाचा बारीकसा तुकडा. मिरी नव्हेत, डेझीच्या कळ्या होत्या. मागे एक जण चादरींचा गठ्ठा घेऊन उभा होता, तो म्हणाला, "अहो काका, आटपा की." एरवी असल्या माणसाला मी चांगलं सुनावतो, पण त्या वेळी मी नुसता बाजूला सरकलो. मला वाटत होतं, त्या कळ्या केव्हाच रस्त्यात सांडून गेल्या. मागच्या हिवाळ्यात कामावर पोचलो की रोज मी खिसा चाचपायचो आणि खिसा रिकामा असायचा. पडल्या वाटतं कुठेतरी, बरं झालं, असं म्हणून मी कामाला लागायचो. आणि त्या सगळ्या माझ्याच मांडीपाशी लोंबत होत्या. तो कोट घालून मी बायकोच्या उशाशी बसलो, डॉक्टरांकडे गेलो, शेवटी तिला पोचवायलाही तोच कोट घालून गेलो. सगळीकडे त्या माझ्याबरोबर आल्या. मी कळ्या परत पाकिटात भरल्या, पाकीट शर्टाच्या खिशात ठेवलं आणि बाहेर येऊन बसथांब्याच्या बाकावर बसलो. दोन बस सोडल्या.

लेकीची गाडी एक वाजता येणार होती. आमची एकुलती एक लेक, इथून रात्रभराच्या प्रवासावर एका मोठ्या नदीवर पूल बांधायच्या कामावर आहे. नदीचं पाणी उतरतं ते हिवाळ्यात, म्हणून त्यांची सगळी घाई हिवाळ्यात. त्या चार महिन्यांत मिळून एक आठवड्याची रजा मिळते, तीसुद्धा साहेबाच्या दहा विनवण्या केल्यावर. ही रजा तिने या वर्षी हिवाळ्याच्या तोंडालाच घेतली होती. "डेझी बघायला येते," म्हणाली फोनवर. "आईच्या कुंड्या तुम्ही लावल्यात ना या वर्षी? त्यातल्या दोन मी घेऊन जाईन." मी हो म्हणालो. काय सांगणार? कुंड्या लावल्या आहेत हे खरं होतं. पण त्यांची जी दशा करून ठेवली होती, ती बघून तिने काही विचारलं तर काय उत्तर द्यायचं, या धास्तीने मला आठवडाभर नीट जेवण गेलं नव्हतं. आणि आता खिशात हे पाकीट. हिला हे कळलं असतं तर म्हणाली असती, "घ्या! आपल्या हाताने शिवून घेतलं असतंत भोक, तर वाचला असतात." ही म्हणजे माझी बायको. मागच्या हिवाळ्याच्या शेवटाला गेली.

तिची डेझी बघायला तीन गल्ल्यांतली माणसं यायची. बाहेरच्या खोलीची खिडकी मोठी, दिवसभर ऊन, तिच्याखाली मी एक फळी ठोकून दिली होती आणि त्या फळीवर आठ कुंड्या. थंडीची चाहूल लागायच्या आधी ती पसरट डब्यात बी पेरायची. बी कसलं, नुसती भुकटी. शिंक आली तर वर्षाचं पीक गेलं, असं म्हणून ती पेरताना तोंडाला पदर लावायची आणि मलाही खोलीत येऊ द्यायची नाही. रोपं चार पानांवर आली की एकेक उचलून कुंडीत लावायचं, ते काम चमच्याच्या दांड्याने. पाणी पानांवर पडता कामा नये, बुडाशीच द्यायचं, तेही सकाळी, म्हणजे रात्रीच्या गारठ्याच्या आत माती निथळते. पिवळं पान दिसलं की काढायचं. मावा पडला तर साबणाच्या पाण्याने एकेक पान पुसायचं, जसं काही पोराचं नाकच पुसतेय. मी म्हणायचो, "एवढी सेवा माझी केलीस का कधी?" तर म्हणायची, "तुम्हाला फुलं कुठं येतात?"

पण तिचा खरा नेम होता तो खुडण्याचा. डेझीची कळी पानांच्या मधोमध, अगदी पोटाशी येते, हिरवी गोळी असते एवढीशी. पहिल्या कळ्या आल्या की मी खूश व्हायचो आणि ती शांतपणे नखाने त्या बुडापासून खुडून त्याच कुंडीतल्या मातीवर टाकायची. पहिल्या वर्षी मी भांडलोच. "अगं, आलेली कळी कोणी खुडतं का?" तिने मला समजावलं. आत्ताच फुलायला दिलं तर झाड एवढ्यातच दमतं. आधी ते भरू द्यायचं, बाजूने फुटव्यांची पोरं सुटू द्यायची, कुंडी काठोकाठ झाली पाहिजे. मग फुलू दे की हवं तेवढं. आणि खुडायचं कुठवर, तर त्याचंही माप होतं तिच्याकडे. हिवाळा वाढतो तसं खिडकीतलं ऊन फरशीवरून आत आत येतं. आमच्याकडे ते दुपारी बाराला कपाटाच्या पायाला जाऊन लागतं, आणि एक दिवस तिथून मागे फिरतं. ऊन परत फिरलं की खुडणं बंद. त्यानंतरची कळी झाडाची, तिला हात लावायचा नाही. आमची लेक लहान असताना रोज बारा वाजता कपाटापाशी पालथी पडून ऊन बघायची आणि ओरडायची, "आई, फिरलं!" मग तीन आठवड्यांत सगळ्या कुंड्या पांढऱ्या.

माझ्या कामाबद्दल सांगायला हवं, नाहीतर मी जे केलं ते निव्वळ वेडेपणा वाटेल. मी फळांच्या शीतगृहात आहे, एकतीस वर्षं. शरदातली सफरचंदं आमच्याकडे येतात आणि उन्हाळ्यात बाजारात जातात, तीही काल तोडल्यासारखी. तोडलेलं फळसुद्धा श्वास घेत असतं, आम्ही त्याचा श्वास मंद करतो. थंडी किती, हवा किती, दार किती वेळ उघडं, एवढंच बघायचं. आणि मुख्य म्हणजे खोलीत एक जरी फळ आधी पिकलं तरी त्याच्या वासाने बाकीची घाईला येतात, म्हणून ते एक शोधून बाहेर काढायचं. हे मला यंत्राच्या आधी कळतं. खोलीचं दार उघडलं की मी सांगतो, डावीकडे तिसरी रांग, खालून दुसरा खोका. कामावरची पोरं मला पाठीमागे 'नाक' म्हणतात, मला माहीत आहे. असं पिकायला निघालेलं फळ मी किती काढलं असेल आयुष्यात, गणती नाही. कोणी विचारलं, तुम्ही काय करता, तर मी सांगायचो, मी उशीर करतो. लोक हसायचे. मलाही तो मोठा विनोद वाटायचा. ही मात्र एकदा म्हणाली होती, "तुमचं नाक सफरचंदांना, माझा हात डेझीला. एकमेकांच्यात लुडबुड करायची नाही."

मागच्या वर्षी रोपं कुंडीत लागली आणि तिचं जुनं दुखणं उलटलं. डॉक्टरांनी मला बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं की हिवाळा निघेल बहुतेक, पुढचं बोलण्यात अर्थ नाही. मी आत गेलो तेव्हा ती माझ्याकडे बघून हसली. बत्तीस वर्षं माझं तोंड वाचत आलेली बाई, तिच्यापासून काय लपणार? म्हणाली, "एवढं काही तोंड पाडायला नको. डेझी फुललेली बघितल्याशिवाय मी काही जात नाही, घाबरू नका." माझा धीर राहावा म्हणून बोलली ती, एवढंच. दुसऱ्या कुणी हे ऐकलं असतं तर डोळे पुसले असते आणि फुलं यायची वाट बघितली असती. मी ते वाक्य घरी घेऊन आलो आणि उलटं धरून बसलो. फुललेली बघितल्याशिवाय जात नाही, म्हणजे फुललीच नाही तर? तुम्ही हसाल. मीसुद्धा हसलो असतो, दुसऱ्या कुणाचं असतं तर.

गारठा लागू नये म्हणून तिची खाट आतल्या खोलीत हलवली होती. तिथून खिडकी दिसत नव्हती. तिची धाकटी बहीण मदतीला येऊन राहिली होती, माझी मेहुणी, भली बाई, पण झाडातलं तिला ओ की ठो कळत नाही. गवत आणि डेझी तिला सारखीच. कुंड्यांचं सगळं माझ्याकडे आलं, आणि मी ते हिच्या हुकमाप्रमाणे केलं, नेमाने. बुडाशी पाणी, पिवळी पानं, साबणाचं पाणी. ऊन फिरेपर्यंत खुडलं, तेही तिच्यासारखं, कळी मातीवर टाकून. मग एक दिवस बारा वाजता ऊन कपाटाच्या पायाला लागलं, दोन दिवस तिथंच थांबलं आणि बोटभर मागे सरकलं. मी आत जाऊन सांगितलं, "फिरलं." ती म्हणाली, "चला. आता हात मागे." दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या कुंडीत एक कळी दिसली. मी कामावर निघालो होतो, अंगावर कोट. उभ्या उभ्या मी ती खुडली. मातीवर टाकायची सोय नव्हती, मेहुणीने सहज जरी बोलून दाखवलं असतं तरी हिला कळलं असतं. मी ती उजव्या खिशात टाकली. छाती एकदम हलकी झाली. एक फळ खोलीतून बाहेर काढल्यावर व्हायची तशीच.

मग रोजचंच झालं. ती सकाळी विचारायची, "कळी?" मी म्हणायचो, "नाही अजून." कधी एक असायची, कधी दोन, कधी चार-चार दिवस एकही नाही. खुडल्याची खूण राहत नाही, बुडापासून नखाने काढली की पानं मिटून घेतात. तिला पहिले दहा दिवस काही वाटलं नाही. मग तिने सल्ले सुरू केले, पाणी जास्त होतंय का, ऊन पोचतंय का, फळी थोडी पुढे घ्या. मी सगळं ऐकायचो आणि मान डोलवायचो. एकदा म्हणाली, एक कुंडी उचलून आणा इथे. मी आधी ती तपासली, मग आणली. तिने पानांतून बोटं फिरवली. औषधांनी तिच्या बोटांची टोकं बधिर झाली होती, गरम पेला धरलाय की गार हेसुद्धा कळत नव्हतं. ती बराच वेळ चाचपत राहिली. "पानं तर भरलीत हो," म्हणाली. "पोरं सुटलीत. मग अडलंय कुठं?" मी म्हणालो, "थंडी जास्त आहे या वर्षी." ती स्वतःच्या हाताकडे बघत होती. मग तिने कुंडी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "थंडीचं नाही ते. हात गेला माझा. मी पेरलेलंच नीट झालं नसणार." मी म्हणालो, "काहीतरीच काय!" त्या वेळी सांगायला हवं होतं. जिभेवर आलं होतं. पण डेझी फुलली की ती जाणार, हे माझ्या मनाने इतकं पक्कं धरलं होतं की तिचं मन राखायचं की तिला राखायचं, असा प्रश्न पडला, आणि मी तिला राखायचं ठरवलं. मी कोण लागून गेलो होतो ठरवणारा? पण तेव्हा मला तसं वाटलं नाही. मी कुंडी परत फळीवर नेऊन ठेवली. संध्याकाळी मेहुणी म्हणाली, "भावोजी, ताई आज जेवली नाही."

दर रविवारी लेकीचा फोन यायचा. हिच्याशी ती थोडंच बोलायची, हिला दम लागायचा. मग माझ्याशी. आजाराचं आम्ही तिला अर्धंमुर्धंच सांगितलं होतं, तेही हिच्याच सांगण्यावरून. लेक पहिल्यांदा विचारायची, "बाबा, फुलं आली का?" मी म्हणायचो, "नाही अजून." पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. एकदा मी खेकसलोच तिच्यावर. "तुला फुलांचं काय पडलंय एवढं? आईचं विचार की." ती हळूच म्हणाली, "आईचंच विचारतेय मी." मला वाटलं, पोरीला बोलायला सुचत नाही, म्हणून काहीतरी बोलतेय. मी फोन ठेवला आणि साबणाचं पाणी करायला गेलो, मावा पडला होता.

ऊन फिरल्यापासून एकोणपन्नास दिवस ती होती. बाईंच्या पाकिटावर लाँड्रीचा नंबर होता त्याच्या बाजूला मी आता बसथांब्यावर बसून हा आकडा लिहिला, का ते विचारू नका. डॉक्टर म्हणाले होते तेवढीच राहिली, त्यापेक्षा एक दिवस जास्त नाही. माझ्या उशीर करण्याचा तिला दमडीचा उपयोग झाला नाही. शेवटची सकाळ सुट्टीची होती. मी तिच्या उशाशी बसलो होतो, मेहुणी स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. हिने डोळे उघडले आणि म्हणाली, "कळी?" त्या दिवशी दोन होत्या, माझ्या खिशात. मी म्हणालो, "नाही अजून." तिने हां म्हटल्यासारखं केलं आणि डोळे मिटले. अकराच्या सुमारास गेली. बत्तीस वर्षांच्या संसारातलं आमचं शेवटचं बोलणं म्हणजे एक थाप. लेक दुसऱ्या दिवशी पोचली, चार दिवस राहिली आणि साहेबाचा निरोप आला तशी परत गेली. त्या दिवसांत कुंड्यांकडे कोणी बघितलं नाही, मीही नाही. नवव्या दिवशी मी खिडकीचा पडदा सरकवला तर आठही कुंड्यांत कळ्याच कळ्या, आणि पंधराव्या दिवशी पानं दिसेनात इतकी फुलं. झाडं हिवाळाभर खुडली गेली होती, तेवढी ती भरली होती. अशी डेझी तिच्या हातालाही कधी आली नव्हती. भेटायला येणारी माणसं खिडकीपाशी थबकायची. "काय हात होता हो वहिनींचा!" म्हणायची. शेजारच्या मास्तरीणबाई तर रडल्या तिथं उभ्या राहून. सगळ्या जगाला कळलं तिचा हात कसा होता ते, फक्त तिला सोडून. मी प्रत्येकाला चहा दिला. रविवारी लेकीला फोनवर सांगितलं, "फुलं आली गं." पलीकडून काहीच आवाज आला नाही. मी दोनदा हॅलो हॅलो केलं. लाइन कटली असं समजून मी फोन ठेवून दिला.

तिसरी बस पकडून मी घरी आलो. खिडकीखाली या वर्षीच्या आठ कुंड्या होत्या. सगळं तिच्यासारखं केलं होतं मी, तोंडाला रुमाल बांधून पेरलं, चमच्याच्या दांड्याने लावलं, पाणी बुडाशी. फक्त खुडलं नव्हतं. ऊन अजून कपाटापासून दोन हात लांब आहे, म्हणजे आत्ताच्या कळ्या खुडायच्याच, नेम आहे तसा. पण कळी दिसली की माझं नख पुढे जात नाही. मी हात पाठीमागे बांधून बघत उभा राहतो. त्यामुळे झालंय काय, की एकेका झाडाला चार पानं आणि लांब काटकुळ्या देठावर एकेक केविलवाणं फूल. मास्तरीणबाई परवा बघून गेल्या आणि म्हणाल्या, "तिच्या हाताची सर नाही बाई कुणाला." मी म्हटलं, खरंय.

लेक आली ती सरळ खिडकीशी गेली. बॅगसुद्धा खांद्यावरच. उन्हात काम करून रापली आहे, केस आखूड केलेत, पाठमोरी उभी राहिली की मात्र हुबेहूब हिच्यासारखी दिसते, एक पाय दुमडून. मी चहाचं आधण ठेवून आलो तेवढ्यात तिने विचारलंच. "बाबा, या खुडल्या का नाहीत तुम्ही? आईचा नेम माहीत नाही का तुम्हाला?" ओरडली नाही, साधं विचारलं. मी म्हणणार होतो, विसरलो. म्हणणार होतो, गुडघे दुखतात, वाकवत नाही. पण मेहनतीने खोटं बोलायची माझी ताकद मागच्या वर्षीच संपली असावी. शर्टाच्या खिशातलं पाकीट काढून मी टेबलावर ठेवलं आणि खुर्चीवर बसलो. म्हटलं, "बस जरा. तुला एक सांगायचंय." आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांचा बाक, तिचं वाक्य, मी ते कसं धरलं, तिसऱ्या कुंडीतली पहिली कळी, खिसा, बधिर बोटं, हात गेला माझा म्हणाली ते, शेवटची सकाळ. मध्ये थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढे सांगवलं नसतं. मला वाटलं होतं ती चिडेल. मला ती चिडायला हवी होती. म्हटलं, "आईला फसवलं मी. शेवटपर्यंत. तिला वाटलं तिचा हात गेला. तू मला काय हवं ते बोल."

 तिने खांद्यावरची बॅग काढून खाली ठेवली. मग पाकिटाला हात न लावता म्हणाली, "आई मला काय म्हणाली होती, माहितीय?" मी नाही म्हणून मान हलवली. "मी तेव्हाच येणार होते, रोपं लागली तेव्हाच. मावशीच्या बोलण्यावरून मला अंदाज आला होता. आईने नको म्हटलं. म्हणाली, तुला एकदाच रजा मिळणार. आत्ता आलीस तर मी नुसती पडलेली दिसेन, ते डोळ्यांत घेऊन जाशील. फुलं आली की ये. मला बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी बसव, आपण दोघी फुलांत बसू. आणि हे यांना सांगू नकोस, म्हणाली, यांना कळलं तर घाबरून उद्याच बोलावून घेतील." तिने खाली ठेवलेल्या बॅगेकडे बघितलं. "म्हणून विचारत होते दर रविवारी. बॅग भरून ठेवली होती मी, बाबा. महिनाभर दाराशी भरलेली बॅग होती. साहेबाला सांगून ठेवलं होतं, फोन आला की त्याच गाडीने निघेन. तुम्ही म्हणायचात, नाही अजून."

स्वयंपाकघरात आधण उकळून वाजायला लागलं. मी उठलो नाही.  एवढे दिवस मी समजत होतो की मी फक्त बायकोचा गुन्हेगार आहे, तेवढं मी कसंबसं पेलत आलो होतो. म्हटलं, "अगं, मला कुठं माहीत होतं?" आणि माझाच आवाज मला इतका किळसवाणा वाटला की मी तोंडावर हात ठेवला. ती म्हणाली, "मीही यायला हवं होतं तशीच. फुलांचं कशाला ऐकत बसले?" मग ती रडली. उभ्यानेच, खिडकीच्या चौकटीला धरून, आवाज न करता. मी तिच्याजवळ जायला हवं होतं. पण कुठल्या तोंडाने जाऊ? आधण आटत गेलं. शेवटी तीच आत जाऊन गॅस बंद करून आली. येताना तिने तोंड धुतलं होतं. माझ्यासमोरची खुर्ची ओढून बसली, पाकीट उचललं आणि कळ्या टेबलावर ओतल्या. तर्जनीने एकेक बाजूला सरकवत गेली, तिच्या आईसारखीच, बी निवडल्यासारखी. त्या अठ्ठावीस निघाल्या. काही अस्तरातच चुरून गेल्या असतील.

"पहिली ऊन फिरल्यावर दुसऱ्या दिवशी खुडलीत ना?" तिने विचारलं.

"हो."

"ती ठेवली असती तर पंधरा दिवसांत फुलली असती."

"हो."

"म्हणजे एक महिना मिळाला असता आम्हाला." ती हिशेब करून बोलल्यासारखी बोलली, मग माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "यातली ती कुठली, बाबा? ती पहिली?"

मी चष्मा लावला. टेबलावर वाकलो. माझी लेक वाट बघत होती. आयुष्यभर हजार फळांतून एक फळ शोधून काढलेला मी माणूस. एकेक कळी उचलून उजेडात धरली, देठ बघितला, नाकाशीही नेली. सगळ्या सारख्याच वाळल्या होत्या. मला ओळखता येईना.